साध्या काचा

जिजी गेल्या त्याला तीन आठवडे झाले होते, आणि खरं सांगायचं तर या तीन आठवड्यांत चष्मेवाल्याला झोप झकास लागत होती. अंत्ययात्रेत तो रडला होता, अगदी मनापासून रडला होता. पण घरी येऊन हातपाय धुतल्याबरोबर त्याला सपाटून भूक लागली आणि जेवता जेवता आपल्या छातीवरचं काहीतरी उतरलंय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यामुळे मंगळवारी सकाळी जिजींची सून दुकानाची पायरी चढून आली आणि पर्समधून एक तपकिरी डबी काढून तिने काउंटरवर ठेवली, तेव्हा त्याने आधी तिला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि मगच डबीकडे पाहिलं. आत जिजींचा चष्मा असणार हे त्याला न उघडताच कळलं. डबी त्याच्याच दुकानातली होती. "जरा नीट पुसूनबिसून द्या," सून म्हणाली, "उजवी काडी ढिली झालीय. परवा सभा आहे ना सभागृहात, तेव्हा तुमच्या बहिणीला द्यायचाय. सगळ्या बायकांचं तेच म्हणणं पडलं. सासूबाईंची नजर होती ती, ज्याच्या त्याच्या हाती कशी द्यायची? तिनं इतकी वर्षं रोज दुपारी येऊन त्यांचं केलं. तिलाच शोभेल." तो म्हणाला, "हो हो, शोभेल की." "आणि तिथंच घालायला लावायचाय हं तिला, सगळ्यांसमोर. जिजींच्या डोळ्यांनी एकदा बघू दे तिला." एवढं बोलून सुनेने डोळ्यांना रुमाल लावला. ती गेल्यावर त्याने डबी उघडली नाही. खणात टाकली, खण लावला, आणि एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याचा म्हणून लिहून दिला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात अशी चूक त्याने केली नव्हती.

चार इमारतींची ती वसाहत जिजींच्या नजरेवर चालत होती असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. तळमजल्यावरच्या खिडकीत त्यांची खुर्ची होती आणि येणारा-जाणारा त्या खुर्चीपुढून जायचा. नवराबायकोचं वाजलं, चला जिजींकडे. दोन भाऊ भिंतीवरून भांडले, चला जिजींकडे. आणि लग्न ठरवायचं म्हणजे तर विचारायलाच नको; मुलगा असो वा मुलगी, आधी जिजींच्या नजरेखालून घालायची. समोरच्या स्टुलावर त्याला बसवायचं. जिजी काही विचारत नसत. फक्त बघत. तेही सरळ नाही, त्या माणसाच्या कानाच्या जरा बाजूला कुठेतरी बघत, खूप वेळ बघत, आणि मग 'करा' नाहीतर 'नका करू' एवढंच म्हणत. लोक सांगायचे, जिजी तोंडाकडे बघत नाहीत, तोंडाच्या मागे बघतात. एका शिक्षकाने तर त्यावर वसाहतीच्या वार्षिक अंकात लेख लिहिला होता. चष्मेवाल्याने तो लेख वाचला, छान झालाय असं शिक्षकाला सांगितलं, आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ एकटा हसला. मग त्याला हसण्याची लाज वाटली. लाज त्याला नेहमी वाटायची. तिचा कोणाला काही उपयोग मात्र झाला नाही.

कारण तोंडाच्या मागे बघण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडच दिसत नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी एका दुपारी जिजी एकट्याच दुकानात आल्या, तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षर वाचायला सांगितलं. "कुठलं अक्षर?" जिजी म्हणाल्या. "तक्त्याची चौकट दिसतेय. भिंतीवरची पाल दिसतेय. अक्षर कुठंय?" त्याने काच घातली, काढली, दुसरी घातली. पेटीतल्या एकूण एक काचा झाल्या. शेवटी जिजींनीच फ्रेम उतरवून त्याच्या हातात दिली. "कशाला दमतोस? मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आलेय मी. डोळ्याचा पडदा मधोमध गेलाय म्हणाला. कडा शाबूत. तुझे कान दिसतात मला, शर्टाची बटणं दिसतात. तोंडाच्या जागी नुसता डाग." मग भाजी निवडायला मदत मागावी इतक्या साधेपणाने त्या म्हणाल्या, "जुन्या फ्रेममध्ये साध्या काचा बसवून दे. चष्मा काढून टाकला तर लोक विचारतील. आणि हे तुझ्यामाझ्यात." आणि त्यांनी चाचपडत त्याचा गाल शोधला आणि त्यावर हात ठेवला. तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता, दुकान नवं होतं, आणि जिजींचा चष्मा त्याच्याकडचा आहे या एका गोष्टीवर अर्धी वसाहत त्याच्याकडे येत होती. त्याला भरून आलं. इतक्या माणसांतून जिजींनी आपल्याला निवडलं असं त्याला वाटलं. दुसरा कोणी चष्मेवाला नव्हता हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

गुरुवारच्या सभेत लोक काय काय बोलणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि बुधवारभर दुकानात बसून तो मनातल्या मनात एकेक भाषण ऐकत राहिला. जिजी पत्र कधी स्वतः वाचत नसत, म्हणत, 'तुझ्या तोंडून ऐकू दे', केवढी ती माया. जिजी भेटल्या की दोन्ही हातांत तोंड धरून कुरवाळत, अशी माणसं आता कुठं. लहान-मोठा कोणीही असो, 'बाळा'शिवाय हाक नाही. दार वाजलं की 'बोल बाळा' म्हणत आणि माणूस बोलेपर्यंत थांबत. ऐकून घेणं म्हणजे काय ते जिजींकडून शिकावं. खरंच होतं सगळं. पत्र दिसत नव्हतं म्हणून ऐकायचं, तोंड दिसत नव्हतं म्हणून हाताने बघायचं, आवाज आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. वसाहतीने ज्या ज्या गोष्टीसाठी त्या बाईवर जीव टाकला ती प्रत्येक गोष्ट त्या डागाने शिकवलेली होती. डोळे धड असते तर कदाचित जिजी इतरांसारख्याच चिडक्या, घाईच्या म्हाताऱ्या झाल्या असत्या आणि कोणी सभा घेतली नसती. हा विचार त्याला आवडला. सभेत सांगण्याजोगा होता. पण सांगणार कोण?

आणि बावीस वर्षांपूर्वी त्या डागासमोर त्याच्या धाकट्या बहिणीने पसंत केलेला माणूस बसला होता. नकाशे काढायचं काम करायचा तो. उंच, बोटांना सतत शाई लागलेली, बोलायला जरा अडखळणारा. धाकटी सत्तावीसची होती. त्या वर्षी चष्मेवाल्याची बायको गेली होती. दोन वर्षांची मुलगी आत्याच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. धाकटीने पोरीला न्हाऊ घालावं, भरवावं, त्याचे शर्ट इस्त्री करावेत आणि संध्याकाळी पाऊण तास त्या नकाशेवाल्याबरोबर फिरून यावं असा क्रम होता, आणि तो पाऊण तास चष्मेवाल्याला सोसत नव्हता. पोरगी दाराशी बसून रडायची. त्याला वाटायचं, पाऊण तासाचं हे असं, तर जन्माचं कसं? धाकटीने लग्नाचं काढलं तेव्हा तो 'वा, छान' म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं, एक मन खरंच म्हणालं. दुसऱ्या मनाने तो आदल्या दिवशी जिजींकडे जाऊन बसला. लग्न मोडा असं तो म्हणाला नाही. तसं तो म्हणाला असता तर स्वतःच्याच नजरेतून उतरला असता. तो एवढंच म्हणाला, "पोरगी दोन वर्षांची आहे हो जिजी. घर कसं चालायचं, काही कळत नाही." जिजी त्याच्या कानाच्या बाजूला बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू माझा चष्मा सांभाळतोयस." बस्स. दुसऱ्या दिवशी नकाशेवाला स्टुलावर बसला, धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, चष्मेवाला खिडकीला टेकून. जिजींनी बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "नजर ठरत नाही ह्याची. ही मुलगी ह्याला देऊ नका." नकाशेवाला गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागला आणि मग तर सगळ्यांनाच दिसलं की नजर ठरत नाही.

त्या वेळी धाकटीने जिजींकडे पाहिलं नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं होतं. अजूनही कधी दाढी करताना, कधी काच घासताना तो क्षण त्याला आठवायचा. ट्रेवरचे कप एकमेकांना लागून बारीक वाजत होते. 'त्यांना दिसत नाही' हे तीन शब्द तोंडात तयार होते. त्याने ते गिळले. पुढे सहा महिने त्याला वाटत राहिलं की आज सांगू, उद्या सांगू. मग पोरगी बोलायला लागली, शाळेत जायला लागली, दुकानाला दुसरा गाळा जोडला, आणि सांगण्याचा विषय हळूहळू न सांगण्याच्या सवयीत मुरला. त्याची समजूत काढायला तो स्वतः पुरेसा होता: धाकटी खूश दिसते, पोरीवर तिचा जीव आहे, आणि लग्न करून तरी कोण सुखी झालंय? सगळ्यांत वाईट म्हणजे धाकटी जिजींवर रागावली नाही. उलट रोज दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागली. आठ-दहा वर्षांपूर्वी नकाशेवाला दुकानात आला होता, चाळिशीचा नंबर काढायला, टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. चष्मेवाल्याने बॅटरीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही डोळे उजेडात जराही हलले नाहीत. इतकी स्थिर नजर रोज बघायला मिळत नाही. त्याने चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. नकाशेवाल्याला त्याचं फार कौतुक वाटलं.

बुधवारी दुपारी दुकान बंद करून त्याने डबी उघडली. आता प्रश्न सरळ होता. धाकटी सभेत चष्मा नाकावर चढवणार आणि तिला सगळं लख्ख दिसणार, उघड्या डोळ्यांनी दिसतं तसंच. नंबर नाही हे कळायला चष्मेवाल्याची बहीण असण्याचीही गरज नव्हती. पुढचा प्रश्न ती एका दमात विचारील: नंबर नव्हता तर तू त्यांना इतकी वर्षं कसल्या काचा देत होतास? उत्तरही तीच देईल. चष्मा हरवला म्हणावं, तर सुनेने आपल्या हाताने आणून दिलेला. फुटला म्हणावं, तर सगळी वसाहत म्हणेल, फुटका द्या, पण जिजींचाच द्या. मग त्याच्या मनात आलं की आपण चष्मेवाले आहोत, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? त्याने फ्रेम तापवली, साध्या काचा अंगठ्याने दाबून बाहेर काढल्या. म्हाताऱ्या बाईला शोभेल असा नंबर कोणता, यावर त्याने थोडा विचार केला आणि अधिक पाचच्या जाड काचा काढल्या. यंत्रावर पाणी सोडून कडा घासल्या, एकदा लावून पाहिल्या, पुन्हा घासल्या. काम सुरेख झालं. काडीचा स्क्रू आवळला. चष्मा घालून त्याने दुकानभर नजर फिरवली. भिंत, तक्ता, खुर्ची, सगळं एकमेकांत विरघळून गेलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. काढलेल्या काचा त्याने कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकल्या आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की जिजी आता खरोखरच गेल्या.

सभा पाच वाजता सुरू झाली. भाषणं अगदी त्याच्या अंदाजाप्रमाणे झाली, फक्त 'बाळा'चा उल्लेख तीनदा आला. मग सुनेने डबी धाकटीच्या हातात दिली आणि पुढच्या रांगेतल्या बायका म्हणायला लागल्या, "घाल ना, घाल." धाकटी माइकपाशी उभी होती. एकोणपन्नाशीची, डोक्यावर निम्मे केस पांढरे, नेहमीची करडी साडी. तिने चष्मा हातात धरून पदराने पुसला, आणि पुसताना तिची बोटं काचेवर एका जागी थांबली. तिने काच उजेडाकडे धरली. मग चष्मा घातला. चष्मेवाला चौथ्या रांगेत बसला होता आणि निवांत होता. जाड काचांमागे धाकटीचे डोळे एवढे मोठे झाले की मागच्या बाकावरच्यांनाही दिसावेत. ती तशीच उभी राहिली. कोणीतरी हुंदका दिला. मग तिने सावकाश मान वळवली, चौथ्या रांगेच्या दिशेने, आणि माइकमध्ये म्हणाली, "दिसलं." सगळं सभागृह रडायला लागलं. चष्मेवाल्यालाही रडू आलं. इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर धाकटीने दिवा लावला, डबी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. आतल्या खोलीत मुलगी कामावरून येऊन कपडे बदलत होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती ती, चोवीस वर्षांची. "दादा," धाकटी म्हणाली, "काचा बदलल्यास तू."

"काचा? अगं, नाही. काडीच ढिली होती फक्त."

"दहा वर्षं मी रोज तो चष्मा पुसलाय. साध्या काचा होत्या त्यात."

धाकटीचा आवाज चढलेला नव्हता. किराणा काय आणायचा ते सांगतानाचा तिचा आवाज असायचा, तसाच होता. "जिजींनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली, "दहा वर्षांपूर्वी. माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, मला त्याचं तोंड दिसलंच नव्हतं गं, मी उगाच बोलले, माझा मोठेपणा टिकावा म्हणून बोलले. मी विचारलं, दादाला माहीत होतं? तर म्हणाल्या, नाही, त्याला मी फसवलं. तक्ता पाठ करून गेले होते, नंबर उतरला म्हणून सवयीपुरत्या साध्या काचा घेतल्या, त्या बिचाऱ्याला काय कळणार? मी घरी आले. तू जेवायला बसला होतास. मी तुला वाढलं. मला वाटलं, चला, निदान हा एक माणूस तरी यात नाही. जिजींनाही मी माफ केलं, ते काय सोपं होतं? तुझ्याकडे बघून केलं." तिने डबी त्याच्याकडे सरकवली. "साध्या काचा तशाच ठेवल्या असत्यास तर मी काही बोलले नसते. तुला ठाऊक नाही असंच धरून चालले होते मी. जन्मभर धरून चालले असते."

चष्मेवाल्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की जिजी आपल्यासाठी खोटं बोलल्या, आणि तो सुखावला. दुसरा असा की आपण कालची दुपार झोपून काढली असती तर सगळं निभावलं असतं. तिसरा विचार यायला हवा होता. त्याने थोडी वाट पाहिली, पण तो आला नाही. "मी तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "केव्हा?" धाकटी म्हणाली, आणि त्याच वेळी मुलगी केस बांधत बाहेर आली. दोघांची तोंडं बघून ती दारातच थांबली. "काय झालं? आत्या? बाबा, काय झालं?"

"सांग तिला," धाकटी म्हणाली. "तुझ्या तोंडाने सांग. मी मध्ये बोलणार नाही."

आणि त्याने सांगितलं. नकाशेवाल्याचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं, जिजींच्या डोळ्यांचं सांगितलं. आदल्या दिवशी आपण जिजींकडे जाऊन बसलो होतो ते तेवढं गाळलं. सांगताना त्याला वाटत होतं की बरं सांगतोय आपण, ऐकणाऱ्याला पटेल असं सांगतोय. मुलगी ऐकत होती. लहानपणी गोष्ट ऐकताना बसायची तशी ती आत्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली होती आणि तिचा हात आत्याच्या पाठीवर होता. ऐकता ऐकता तिने तो हात आणखी घट्ट केला. "पण तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?" ती म्हणाली. "एक शब्द बोलायचा होता फक्त. तुम्ही का नाही बोललात?"

त्याच्याकडे याचं उत्तर होतं. बावीस वर्षं तो ते घासूनपुसून ठेवत आला होता, आणि विचारलं गेल्याबरोबर ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"तू दोन वर्षांची होतीस."

मुलीने बापाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरून कोणीतरी हात फिरवावा तसा तो बदलत गेला. तिचा हात आत्याच्या पाठीवरून सुटला आणि तिने तो आपल्याच मांडीवर घेतला. "म्हणजे माझ्यामुळे?" ती म्हणाली.

हे तिने बापाला विचारलं नव्हतं. ती आत्याकडे बघत होती. ज्या बाईने तिला भरवलं, शाळेत सोडलं, तापात रात्रभर मांडीवर घेतलं, ती आता 'छे गं, वेडी आहेस का' म्हणेल म्हणून ती थांबली होती. चष्मेवालाही थांबला होता. धाकटीने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि टेबलाकडे पाहत राहिली. 'नाही' म्हणायला तिला खूप वेळ मिळाला होता. ती म्हणाली नाही.